नको म्हणणारे हात

पुण्यात कोणी गाव विचारलं की मी ‘नागपूरजवळ’ एवढं सांगून विषय संपवत असे. पुढचे प्रश्न नको असायचे. यंदा दिवाळीनंतर त्या ‘नागपूरजवळ’ला पहिल्यांदाच एकटी जाऊन आले, तेव्हा कळलं की आमचं गाव सानगडी नागपूरहून चांगलंच लांब आहे. शिवाय विदर्भ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे येणारी भेगाळलेली जमीन तिथे कुठेच नाही. भंडारा जिल्ह्यात पाणीच पाणी. गावागणिक तलाव, तलावाखाली धानाची शेतं, आणि सकाळी सगळ्यावर इतकं दाट धुकं की समोरून येणारी बैलगाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते.

मी गेले ते मात्र तलाव पाहायला नाही. मुंबईत माझं एअर होस्टेसचं प्रशिक्षण चालू होतं आणि त्यातल्या एका सरावात मी दोनदा नापास झाले होते. आमच्या केंद्रात एक खोटं विमान आहे. सोबतच्या मुली प्रवासी होऊन खुर्च्यांवर बसतात आणि आपण ट्रॉली ढकलत त्यांना काय हवं ते विचारायचं. एवढं साधं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “तू विचारतेस आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढे सरकतेस. माणसं तुला नकोशी वाटतात का?” सुट्टीनंतर शेवटची चाचणी होती. ती द्यायचीच नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं, पण घरी सांगितलं नव्हतं. हे सांगायला मला एकच माणूस योग्य वाटत होतं, ते म्हणजे आत्याआजी.

आत्याआजी म्हणजे बाबांची सुमनआत्या. पन्नासेक वर्षांपूर्वी, जेव्हा सानगडीत एसटी येणं हीसुद्धा बातमी असायची, तेव्हा ती विमानात हवाईसुंदरी होती. तिचे वडील नागपूरला रेल्वेत लागले, त्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातल्या सगळ्या पोरांना, पोरींनासुद्धा, शाळेत घातलं. निवृत्त झाल्यावर ती मुंबई सोडून सानगडीला भाच्याकडे, म्हणजे माझ्या राजूकाका आणि मायाकाकूंकडे राहायला गेली. तिनेच ‘सोड ती नोकरी’ म्हटलं तर मग कोणी काही बोलणार नाही, असा माझा हिशोब होता.

लाखनीचा चहा

वरठीच्या स्टेशनवर राजूकाका मोटरसायकल घेऊन आले होते. वाटेत लाखनीला थांबलो. लाखनी म्हणजे हायवे, हायवे म्हणजे ट्रक, आणि ट्रकांच्या टायरांवर पोट असलेले मायाकाकूंचे मामा. सगळे त्यांना मामाजी म्हणतात. उंच, वाळलेले, खांद्यावर दुपट्टा. पंक्चरच्या दुकानातून हात पुसत बाहेर आले.

काकांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला. मामाजी म्हणाले, नको, आत्ताच झाला. काकांनी ऐकलंच नाही, कप सरळ त्यांच्यापुढे धरला. मामाजी दोनदा ‘नाही नाही’ म्हणाले आणि मग तो चहा त्यांनी एका दमात संपवला. मला वाटलं, काका उगीच बळजबरी करतात. आमच्या सोसायटीत कोणी नको म्हटलं तर आपण ‘बरं’ म्हणतो.

मामाजींनी मला तीन-चार प्रश्न विचारले. मी ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’ अशी उत्तरं दिली. ते काकांकडे वळून म्हणाले, “पोरगी लय कमी बोलते गा. पुण्यात बोलाले टॅक्स लागते का?”

सानगडीला पोचलो तेव्हा आत्याआजी दारात उभी होती. ताठ, केस चापून मागे बांधलेले, हात जोडलेले आणि मान किंचित झुकलेली. हा नमस्कार मी रोज आरशासमोर करत होते आणि मला तो जमत नव्हता. आत गेल्यावर तिने स्टीलच्या ताटलीत लिमलेटच्या गोळ्या आणि कापसाचे बोळे आणून माझ्यापुढे धरले. मी बघत राहिले. तिच्या काळी विमान उडण्याआधी प्रवाशांना असंच द्यायचे, म्हणे. गोळी चघळायला, कापूस कानात घालायला. “कापूस तुले नाही लागनार, तू तशीही आयकत नाहीस असं तुहा बाप म्हणते,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

तिच्याकडे पाहत राहिलं की जुन्या नोकरीच्या खुणा दिसत जातात. चहाचा कप ठेवताना ती कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताकडे वळवते. दार लावलं की एकदा ओढून बघते, आणि काकूंनी लावलेलं दारही पुन्हा ओढून बघते. काकूंना याचा राग येत नाही. “आत्याबाईचं विमान हाये हे,” त्या म्हणाल्या, “आमी फुकट बसलो.”

धुऱ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याआजी मला शेतावर घेऊन गेली. धान कापणी चालू होती. कापलेलं धान आडवं पसरलेलं, त्याचा गोडसर ओला वास. तिकडे शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि दोन बांधींमधल्या मातीच्या अरुंद बांधाला धुरा. धुऱ्यावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतं.

“माह्या कंपनीची ट्रेनिंग मुंबईले झाली,” आत्याआजी म्हणाली, “पण खरी येथी झाली.”

नोकरीचं पत्र आलं तेव्हा तिने आयुष्यात उंच टाचेची चप्पल घातलेली नव्हती. नागपूरला सीताबर्डीवर एक जोड घेतला आणि सुट्टीत सानगडीला येऊन या धुऱ्यावर चालायचा सराव केला. हातात थाळी, थाळीत पाण्याचे पेले. एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला चिखल. बांधीतल्या बाया रोपं रोवणं थांबवून बघायच्या आणि पैजा लावायच्या की आज सुमन डावीकडे पडते का उजवीकडे. पुढे विमान हादरायला लागलं की बाकीच्या मुली खुर्च्यांना धरायच्या. ही सरळ चालायची.

मला मोह झाला. मी चप्पल काढली आणि तिच्या हातातला पाण्याचा गडू घेऊन धुऱ्यावर निघाले. खाली न बघता, खांदे मागे, चेहऱ्यावर हसू, जसं शिकवलं होतं तसं. आंब्याच्या झाडापर्यंत छान गेले. मग एक खेकडा आडवा आला.

मी उजवीकडे पडले, पाणी अजून न आटलेल्या बांधीत. धान कापणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने विळा वर करून ओरडून सांगितलं की सुमनसुद्धा जास्त उजवीकडेच पडायची, घराण्याची रीत आहे. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून मी हसत होते. अनोळखी माणसांसमोर इतक्या मोठ्याने मी कधी हसले होते ते आठवेना.

पवनीचा घाट

त्याच दुपारी आम्ही लाखांदूरमार्गे पवनीला गेलो. ते आत्याआजीचं आजोळ. वैनगंगेचा पूल ओलांडला की जुन्या तटाचे अवशेष दिसतात, मग लहान लहान दुकानांचा रस्ता, आणि मग घाट. इथे फार जुने बौद्ध स्तूप सापडले आहेत, हे मी शाळेत कधी वाचलं नव्हतं. नदी इतकी रुंद की पलीकडचा माणूस मुंगीएवढा. घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही उकडलेले शिंगाडे सोलून खात बसलो. शिंगाड्याचं पीठ मला उपासाचं म्हणून माहीत होतं. तो तलावात वाढतो आणि उकडल्यावर त्याची चव विलायती चेस्टनटच्या गरासारखी लागते, हे नव्हतं माहीत. मी तसं म्हटलं. आत्याआजीने चेस्टनट परदेशात रस्त्यावर भाजलेले खाल्ले होते. “त्यापेक्षा हे बेस,” म्हणाली.

मी तिला त्या दिवसांबद्दल विचारलं. तिने सांगितलं ते असं. दर काही आठवड्यांनी वजनकाट्यावर उभं करायचे आणि काटा पुढे गेला तर उड्डाणं बंद करून जमिनीवर बसवायचे, म्हणून मुली वजनाच्या दिवशी टिकल्यासुद्धा काढून ठेवायच्या. साडी भराभर नेसता आली पाहिजे, आणि ती हिची इतकी चोख असायची की बाकीच्या मुली निऱ्या घालून घ्यायला हिच्या खोलीबाहेर रांग लावायच्या. सुरुवातीची काही वर्षं लग्न करायचं नाही, अशी अट होती. ती अट संपली तोवर हिला एकटीने जगाचा नकाशा बघायची सवय लागली होती. प्रवासी विमानात बिड्या ओढायचे. एका शेटजींनी चुन्याची डबी उघडली आणि विमान हादरल्यावर पुढच्या ओळीतल्या साहेबांचा कोट पांढरा झाला. हे सांगताना तिने शेटजी, साहेब आणि कोट, तिघांचेही चेहरे करून दाखवले.

मग ती घाटाच्या खालच्या अंगाला बघायला लागली.

“माही माय या गावची,” ती म्हणाली. “येथी या पायऱ्यांवर तिले पाणी भरू देत नसत. आमच्या लोकांचं पाणी तेथी, खाली, जेथी ढोरं उतरत. मी विमानात लागल्यावर पहिल्यांदा घरी आली, तर सारे विचारत, वरून ढग कसे दिसते, लंडन कसं हाये. मायनं एकच विचारलं. म्हणे, सुमन, लोक तुह्या हातचं पाणी पेतेत?”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, मांगून मांगून पेतेत. रिकामा गिलास वर करून दाखवतेत. घंटी वाजवतेत.” आत्याआजी हसली. “तर माय म्हणे, मंग देत जा पोटभर. घंटी वाजवाची पाळी कायले येऊ द्याची?”

नोकरी सोडण्याचं तिला सांगायचं मी याच घाटावर ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. पण त्यानंतर ते वाक्य काढणं जमलं नाही. मी शिंगाड्याची सालं गोळा करत राहिले.

मंडई

पुण्यात मंडई म्हणजे भाजी. भंडाऱ्याकडे मंडई म्हणजे जत्रा. दिवाळीनंतर एकेक गाव आपापली मंडई भरवतं. दिवसा दुकानं, पाळणे, भज्यांचे घाणे, आणि रात्री नाटक. पण खरी मंडई घराघरांत असते, कारण ज्या गावची मंडई त्या गावात सगळ्यांचे पाहुणे येऊन जेवतात. लेकी, जावई, व्याही, मामे, सगळे. सानगडीच्या मंडईच्या दिवशी मायाकाकू पहाटेपासून चुलीपाशी होत्या. लाखोरीच्या डाळीचे वडे, पुऱ्या, कोहळ्याची भाजी, कोंबडीचा रस्सा, भात.

दुपारी अंगणात पंगत बसली आणि काकूंनी वड्यांची टोपली माझ्या हातात दिली. “तू तर ट्रेनिंगवाली हाये,” म्हणाल्या.

मी पंगतीच्या एका टोकाने सुरू केलं. अदबीने वाकून प्रत्येकाला विचारलं, “वडे हवेत का?” पहिले पाहुणे म्हणाले, नको. मी बरं म्हटलं आणि पुढे सरकले. दुसरे म्हणाले, बस, राहू द्या. मी पुढे. मामाजी लाखनीहून आले होते, त्यांनी ताटावर हात धरून ‘अजिबात नको’ म्हटलं, तेव्हा तर मला हायसंच वाटलं. पंगत कशी झरझर संपली. टोपली जवळजवळ भरलेली परत आली आणि मला वाटलं, आपण किती नीट काम केलं.

तासाभराने राजूकाका मंडईतून परत आले ते चेहरा पाडून. भज्यांच्या दुकानासमोर मामाजी उभे होते. सोबत काकांचे साडू आणि आणखी दोन पाहुणे. आमच्याकडे जेवून गेलेली माणसं भजी खात होती, तीसुद्धा उभ्याने, घाईने, जणू सकाळपासून पोटात काही नाही.

मायाकाकू माझ्यावर चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्या भरलेल्या टोपलीकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “आमच्या घरून लोक उपाशी गेले. मंडईच्या दिवशी. आता सारी लाखनी बोलन.”

“पण त्यांनीच नको म्हटलं,” मी म्हणाले.

“तर काय, दे म्हनतीन का? पाहुणे होत ना ते.”

मी मागच्या अंगणात जाऊन बसले. खोट्या विमानात झालं तेच इथे झालं होतं. मला त्यांचं ‘नको’ ऐकायचंच होतं. ‘नको’ म्हटलं की माझी सुटका व्हायची.

आत्याआजी शेजारी येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. नापास झाले ते, परत जाणार नाही ते, आणि तू हो म्हटलंस तर घरी सांगणं सोपं जाईल, तेही.

तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

पहिल्या उड्डाणात, ती म्हणाली, तिने नेमकं उलटं केलं होतं. सानगडीची पोरगी. पुढच्या ओळींतल्या प्रवाशांनी नको म्हटलं, तर हिने मंडईतल्यासारखा आग्रह केला. दोन पाव घ्या, आणखी एक कटलेट घ्या, एवढ्याने काय होतं. लोकही खूश, घेत गेले. शेवटच्या ओळींपर्यंत पोचली तोवर खाणं संपलेलं. मागे बसलेल्या माणसांना हिने लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. मुख्य बाईंनी विमान उतरल्यावर एवढंच विचारलं की तुझ्या घरी लग्न होतं का.

“मग कशी शिकलीस?” मी विचारलं.

“हात पाहून,” ती म्हणाली. “तोंडानं सारेच नको म्हनतेत. रीत हाये. ज्याले खरंच नको, त्याचा हात ताटावर घट्ट बसते. बोटं जुळलेली. ज्याले पाह्यजे, त्याचा हात वर राह्यते, बोटं उघडी. मधून वडा टाकता येईल एवढी.” तिने माझ्या हातावर आपला हात धरून दोन्ही प्रकार दाखवले. “तू बोलत नाहीस, पाहत राह्यतेस. लहानपणापासून. पाहाले येते ना तुले? मंग अर्धी नोकरी झाली. सोडाची का नाही ते तू पाय. पण संध्याकाळी पंगत हाये, थे नको सोडू.”

दुसरी पंगत

नाटकाला जायच्या आधी, दिवेलागणीला, पुन्हा अंगणात पंगत बसली. काकू टोपली दुसऱ्या कोणाच्या हातात देत होत्या. मी ती मागून घेतली.

या वेळी मी काहीच विचारलं नाही. चेहऱ्यांकडेही फारसं बघितलं नाही. ते मला नेहमीच सोपं जातं. मी हात बघत गेले. साडूंचा हात ताटावर पंख्यासारखा पसरलेला, बोटांत फटी. मी दोन वडे ठेवले. त्यांनी ‘अरे अरे’ म्हटलं आणि लगेच एक मोडला. एका आजींचा तळवा ताटावर घट्ट, बोटं जुळलेली. मी पुढे गेले आणि त्यांनी मान हलवली, अगदी समाधानाने. एका व्याह्यांचं ‘नको’ इतकं जोरात होतं की बाजूचे दोघे दचकले, पण त्यांचा हात ताटापासून चांगला वीतभर वर होता. त्यांना तीन.

मग मामाजी. दोन्ही हात ताटावर, नाही म्हणून मान हलतेय, डोळे मिटलेले, “पोरी, आता वाढशीन तर मी उठून जाईन.” दहा बोटं, आणि एकही दुसऱ्याला चिकटलेलं नाही.

मी बोटांच्या मधून एक वडा सोडला. मग दुसरा. मग रस्सा आणवला.

मामाजींनी एक डोळा उघडला. पंगत बघत होती. काकू चुलीपाशी पळी धरून उभ्या होत्या.

“गेलं,” मामाजी म्हणाले. “आता भज्यावाल्याचं दुकान बसलं.”

सगळे हसले, काकू सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ. टोपली रिकामी परत गेली. नाटकाला आम्ही उशिरा पोचलो आणि मागे उभं राहावं लागलं, पण त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही.

निघायच्या दिवशी आत्याआजीने मला लिमलेटच्या गोळ्यांची पुडी दिली. मी परत जाणार आहे, हे तिला सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही. दार लावून एकदा ओढून बघितलं आणि मग हात जोडले.

मुंबईहून नागपूरला

चाचणीत शिकवणाऱ्या बाई स्वतः प्रवासी होऊन खिडकीपाशी बसल्या होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, काही नको, धन्यवाद. डोळे मासिकात. पण त्यांचा एक हात पुढच्या छोट्या टेबलावर होता आणि त्यांनी ते टेबल आधीच उघडून ठेवलं होतं. मी थांबले. मी पाणी ओतलं आणि कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवला. त्यांनी मासिक मिटलं.

आता मी उडते. गेल्या आठवड्यात मला पहिल्यांदा नागपूरची फेरी मिळाली. शेवटच्या ओळीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली, बहुधा पहिलाच प्रवास. पाण्याला त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. पिशवीवरची त्यांची बोटं मात्र सैल झाली होती. मी पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग रिकामा पेला वर करून मला दाखवला.

उतरल्यावर मी विमानतळावरूनच सानगडीला फोन लावला. आत्याआजीने ढगांचं विचारलं नाही, पगाराचं नाही. तिच्या मायने तिला विचारलं होतं, तेच विचारलं. मी आजूबाजूला सगळे गणवेशात उभे असताना, त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उत्तर दिलं.

“मांगून मांगून पेतेत, आत्याआजी.”

पलीकडे ती घरात ओरडली, “माया, आयकलं का व?” आणि फोन कोणाच्या तरी हाती देऊन, बहुधा ते दार ओढून बघायला गेली.